गुलाबावरच्या भुंगेऱ्यांच्या नावाखाली 8,900 रुपयांना गंडवलं, नाशिककरांनो सावध राहा

सरळच सांगते, 8,900 रुपये गेले आणि वर माझे गावठी गुलाब जळाले ते वेगळंच. घरात सांगायची पण लाज वाटत होती, पण तो माणूस अजून कॉलन्यांमधून फिरतोय म्हणून लिहितेय.

वळवाचा पाऊस झाला की अंधार पडता पडता ते तपकिरी भुंगेरे येतात, ज्यांच्याकडे गुलाब आहेत त्यांना माहितीच आहे, सकाळी बघावं तर पानं कुरतडलेली आणि कळ्यांना भोकं. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी याचा नंबर टाकला, 'जैविक बाग तज्ज्ञ', व्हिजिटचे 500. गळ्यात आयकार्ड, हातात भिंग, आणि हुमणी (म्हणजे या भुंगेऱ्यांची अळी), मेटारायझियम, जीवनचक्र असं फाडफाड बोलणं, कोणालाही खरंच वाटलं असतं. माझ्या शेणखताच्या ढिगातून पांढऱ्या अळ्या काढल्या आणि म्हणाला ताई, या सगळ्या मुळं खाणार. अहो, खताच्या ढिगातल्या बऱ्याचशा अळ्या कुजलेलंच खातात, मुळं खाणारी हुमणी झाडाच्या बुडाशी मातीत असते. कोणी ढिगातली अळी दाखवून घाबरवत असेल तर तिथेच दार दाखवा.

आता ज्याची सगळ्यात जास्त चीड येते ते. त्याने एक अळी बशीत ठेवली, त्याच्या 'मेटारायझियम'च्या बाटलीतले थोडे थेंब टाकले, ती जोरात वळवळली आणि दोन मिनिटांत गार. बशीतून रॉकेलसारखा भपकारा. मेटारायझियम ही बुरशी आहे हो, ती किड्याच्या अंगात रुजून त्याला मारायला काही दिवस घेते! दोन मिनिटांत मेलेली अळी बुरशीने मरूच शकत नाही. हे मी कृषी प्रदर्शनात ऐकलेलं होतं, पण हा माणूस श्वास न घेता बोलत होता, विचार करायला फटच ठेवत नाहीत हे लोक, त्यातच त्यांचं सगळं कसब.

दोन लिटर 'जैविक' औषधाचे 3,600 आणि मातीच्या 'निर्जंतुकीकरणाचे' 4,800. बिल मागितलं तर व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाला, यूपीआयवर नाव भलत्याचंच. बाटलीवर घरी प्रिंट केलेलं स्टिकर, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी, ना नोंदणी क्रमांक, ना तो विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण. जैविक असलं तरी कीडनाशकाला 1968 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, लेबल बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आठवडा व्हायच्या आत पानं करपली, भुंगेरे मात्र रोज रात्री हजर, आणि याचा फोन बंद. याच फुलांचा मी गुलकंद करते, घरात लहान मूल आहे, बाटलीत नक्की काय होतं देव जाणे. सगळी फुलं तोडून फेकली.

आणि तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले ऑनलाइन पैसे गेलेत ना, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे म्हणे माणूस घरी आला, तुम्ही स्वतः पैसे दिलेत, मग हे सायबरमध्ये कसं बसेल, पोलिसांकडेच जा. कृषीच्या ऑफिसात गेले तर साहेब फिल्डवर, परत गेले तर मीटिंग, शेवटी भेटले तेव्हा म्हणतात घरची बाग आमच्याकडे येत नाही, आणि बाटली फोडलेली आहे, सीलबंद आणा. सीलबंद बाटली आता कुठून आणू, त्याच चोराकडून अजून एक विकत घेऊ का? विनापरवाना औषध विकणाऱ्याला पकडायचं काम यांचं नाही तर कोणाचं? ग्राहक हेल्पलाइन 1915 वर निदान नीट ऐकून घेतलं, पण त्यांनाही बिल हवं आणि विक्रेत्याचा पत्ता हवा. म्हणून सांगते, बिल हातात आल्याशिवाय पैसे नाहीत म्हणजे नाहीत, आणि औषध घ्यायचं तर परवाना लावलेल्या कृषी सेवा केंद्रातूनच.

भुंगेऱ्यांसाठी मी आता अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बसते, फांदी हलवली की ते खाली पडतात, वेचून साबणाच्या पाण्यात. फुकट आहे आणि निदान ह्याने पानं जळत नाहीत. कच्चं शेणखत घालणं बंद केलंय.

इंदिरानगर, गंगापूर रोड, पंचवटी, कुठेही हा भिंगवाला आला असेल तर पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि बाटली दोन्ही जपून ठेवा आणि मला कळवा. एकटीला हाकलून लावतात, दहाजणांनी मिळून लेखी अर्ज दिला तर पोचपावती तरी द्यावीच लागेल त्यांना.