व्यापाऱ्याला उक्तं द्यावं की लिलावात काढावं?

मामांच्या मागे शस्त्रं आणि चित्रं मिळून पन्नासेक नग राहिले, आणि वारस आम्ही पाच भाचरं. जाणत्या व्यापाऱ्याशी उक्ता सौदा करायचा की लिलावगृहाकडे सोपवायचं, एवढाच प्रश्न होता. मी दोन्हीकडे जाऊन आलो. तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकतं, हे धरूनच वाचा.

व्यापारी मला मनापासून आवडला होता. एकेक पातं उजेडाकडे तिरकं धरून तो पोलादातली पाण्यासारखी लहर शोधायचा. एका खंजिरापाशी थबकला. आमच्या एका भावाने ‘जरा बरा दिसावा’ म्हणून तो पॉलिश पेपरने घासला होता. लहर गेलेली, उरले नुसते ओरखडे. “हे कुणी केलं?” एवढंच तो म्हणाला. (विकायचं ठरलं की आधी घरातल्या उत्साही माणसाच्या हातातून पॉलिश काढून घ्या. जपानी तलवारीच्या मुठीत दडलेल्या भागावरचा गंज तर मुळीच काढू नका, त्यावरूनही जाणकार तिचं वय ताडतात.) लिलावगृहात असा डोळा मिळेलच असं नाही. आमच्या पहिल्या यादीत तोड्याची बंदूक ‘जुनी बंदूक’ म्हणून नोंदली गेली होती. शिवाय व्यापारी आठवड्यात पैसे द्यायला तयार होता, तेही गाजावाजा न करता.

मग त्याचा कागद आला. वर ‘शस्त्रे ३४, चित्रे १७’ आणि खाली एकच आकडा. सुटे दर मागितले, तर “सुटं केलं की बसत नाही” म्हणाला. त्याचंही खरंच होतं. दहा चांगल्या नगांच्या जोरावर तो उरलेला गाळ उचलणार होता. पण मोठ्या बहिणीला ढाल हवी होती, आणि तिच्या वाट्यातून किती वळते करायचे ते त्या कागदावरून सांगता येईना. रोज कुणाचा ना कुणाचा फोन यायचा: कट्यारीचे किती धरले? त्या मोठ्या चित्राचे किती? भाव पडला अशी तक्रार कुणाचीच नव्हती. तरी संशय वाढत गेला आणि उत्तर द्यायला मी एकटा. माझं मन तिथेच फिरलं.

लिलावात कात्री मोठी लागते, हे कबूल. क्रिस्टीज आणि सदबीज या बड्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये लंडनला खरेदीदाराकडूनही वेगळा आकार घ्यायला सुरुवात केली. आता हातोडा शंभरावर पडला, म्हणजे शेवटची बोली शंभराची ठरली, तर घेणारा सव्वाशेच्या आसपास मोजतो आणि तुमच्या हाती पंच्याऐंशी-नव्वद येतात. फोटो, विमा, वाहतूक वेगळी. मात्र विक्रेत्याचं कमिशन घासाघीस करण्यासारखं असतं. ते ठरवताना या दोन घरांनी १९९० च्या दशकात संगनमत केलं होतं, आणि सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन २००१ मध्ये अमेरिकेत त्यासाठी दोषी ठरले. अख्खा संग्रह देत असाल तर बिनदिक्कत कमी करून मागा. कमीत कमी किती आल्याशिवाय नग सोडायचा नाही, तेही लेखी ठरवा. न विकलेला नग लगेच पुन्हा काढला तर तो शिळा ठरतो.

हस्तिदंती मुठींची डोकेदुखी दोन्ही वाटांवर आहे. ब्रिटनमध्ये तर हस्तिदंताच्या विक्रीला बंदी घालणारा २०१८ चा कायदा २०२२ पासून लागू झाल्यावर १९४७ पूर्वीची आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तूसुद्धा विकण्याआधी नोंदवावी लागते.

वारस एकटा असेल, किंवा पैशांची घाई असेल, तर मी व्यापाऱ्याकडे जाण्यापासून अडवणार नाही. आम्ही पाच होतो. लिलावगृहाने प्रत्येक नगाचा अंदाज लिहून दिला. त्यातला खालचा आकडा धरून ढाल बहिणीकडे गेली. विक्रीनंतरच्या पत्रकात नगागणिक एक ओळ होती: हातोड्याची किंमत, कपात, निव्वळ. मी ते पाचही जणांना पाठवलं आणि फोन थांबले. पैसे यायला पाच महिने लागले, व्यापाऱ्याच्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच आले.

सहा नगांना गिऱ्हाईक मिळालं नाही. त्यांच्या परतीच्या वाहतुकीचं बिल मी भरलं. खंजीर त्यातच होता. भाऊ काही न बोलता तो घेऊन गेला.