पॅनिअर बॅगा (सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना लटकवायच्या) घेताय? आधी हुक बघा (वरंधा, आंबेनळी, मांढरदेव मिळून ५ दिवस वापरून)

४,२०० ला जोडी घेतली, २०-२० लिटरच्या दोन बॅगा, वरून चेन, सोबत पिवळं रेनकव्हर, आणि त्याच कंपनीचं ॲल्युमिनियमचं कॅरिअर वेगळं १,६०० चं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हुबेहूब अशाच दिसणाऱ्या बॅगा ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी दिसतात, तेव्हा नावापेक्षा खाली सांगतोय ते बघून घ्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं सायकलींवर निघालो होतो. पुणे, कात्रज, कापूरहोळ, भोर, वरंधा घाट उतरून महाड, पोलादपूर, मग आंबेनळी चढून महाबळेश्वर, पसरणी उतरून वाई, आणि वाईहून परत हायवेला न लागता मांढरदेव चढून भोर. चौघांत एक डॉक्टर, एक बँकवाला, एक नुकताच कॉलेज संपवलेला मावसभाऊ आणि मी. बाकी तिघांनी पाठीवर सॅक घेतल्या होत्या आणि पहिल्या दिवशी भोर येईपर्यंत तिघांचेही खांदे बोलायला लागले, माझी पाठ मात्र मोकळी, त्यामुळे मी उगाच पुढे जाऊन थांबून मागे बघत होतो. याबद्दल नंतर भरपूर ऐकून घ्यावं लागलं.

आधी फिटिंगचं सांगतो कारण तिथेच अर्धा दिवस गेला. माझी सायकल हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली), मागे डिस्क ब्रेक. कॅरिअर 'सगळ्या सायकलींना बसतं' असं लिहिलेलं, पण डिस्कचा कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून दाबणारा ब्रेकचा भाग) नेमका कॅरिअरच्या डाव्या पायाच्या वाटेत येतो, पाय बाहेर ढकलायला मध्ये स्पेसर (अंतर ठेवणाऱ्या जाड चकत्या) लागतात आणि मग बोल्ट आखूड पडतो. बॉक्समधे स्पेसर नाहीत, लांब बोल्टही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एम-५ चे लांब बोल्ट आणि चार वॉशर आणले, ४० रुपयांत काम झालं, पण हे ज्याला माहीत नाही तो कॅरिअर परत पाठवून मोकळा होईल. बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावा आणि रोज सकाळी ॲलन की फिरवून बघा, तिसऱ्या दिवशी माझा एक अर्धा फेरा सैल निघाला होता.

दुसरं म्हणजे टाच. माझा बूट १० नंबरचा, हायब्रिडचा मागचा भाग टूरिंग सायकलीएवढा लांब नसतो, त्यामुळे पेडल मागे गेलं की टाच बॅगेला घासते. बॅग कॅरिअरवर जेवढी मागे सरकेल तेवढी सरकवली तेव्हा कुठे बोटभर जागा झाली. बॅगेचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेला असेल तर हा त्रास होत नाही, या बॅगेत तो सरळ चौकोनी आहे. डिझाइन करणाऱ्याने स्वतः पेडल मारून बघितलं नसावं.

सामान दोन्ही बाजूंना मिळून साधारण ९ किलो. जड वस्तू (हत्यारं, ट्यूब, कुलूप, चार्जर) तळाला, कपडे वर, दोन्ही बाजू हाताने उचलून सारख्या. एवढं करूनही भोरच्या पुढे नीरा देवघरच्या पाण्याकडेने जाताना उभं राहून पेडल मारलं की सायकल मागून शेपूट हलवते. त्यात बॅगेचा दोष नाही, सगळं वजन मागेच असल्यावर तसंच होणार, बसून ग्रॅनी गिअरला (सगळ्यात हलक्या गिअरला) चढायची सवय करायची. त्या रात्री धरणाजवळच्या एका घरी मुक्काम, पिठलं भाकरी आणि वर इंद्रायणीचा भात, वहिनींनी बॅगा बघून विचारलं, "कुरिअरचं काम करता का भाऊ?" बँकवाला पुढचे चार दिवस मला कुरिअर म्हणूनच हाक मारत होता.

वरंधा भोरच्या बाजूने फार चढावा लागत नाही, कारण भोर आधीच वर आहे, सगळा खेळ पलीकडे कोकणात उतरताना. वाघजाईपाशी भजी खायला थांबलो. तिथल्या माकडांना बाहेरच्या जाळीच्या कप्प्यातली केळी दिसली आणि एकाने केळ्यांसकट कप्प्याची शिवण घरी नेली. खाऊ जाळीत ठेवणं हा माझा गाढवपणा, पण मुख्य चेन मात्र त्याला उघडता आली नाही, हे बॅगेच्या बाजूने लिहितो.

आणि मग उतार. खड्डा, वळण, ब्रेक, परत खड्डा. अर्ध्या तासात उजव्या बॅगेचा वरचा एक हुक तडकला, दुसऱ्यावर बॅग लोंबकळायला लागली आणि खालचा इलॅस्टिकचा आकडा सुटून चाकाकडे झुकला. स्पोकमधे गेला असता तर आज हे टाइप करत बसलो नसतो. मावसभाऊ मागून ओरडला म्हणून थांबलो. हुक प्लास्टिकचा, आणि खरा घोळ असा की त्याचं तोंड जाड कॅरिअरसाठी बनवलंय आणि याच कंपनीच्या कॅरिअरचा दांडा बारीक, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला हुक दांड्यावर टकटक आपटतो. चांगल्या बॅगांमधे ही फट भरायला रबरी पट्टी देतात आणि हुकाला खालून लॉक असतं, म्हणजे बॅग उडून निसटत नाही. इथे दोन्ही नाही.

कसंबसं दोरीने बांधून महाड, मग हायवेची धूळ खात पोलादपूर. तिथे एका पंक्चरवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी हुक बोटाने दाबून बघितला, म्हणाले, "हे घाटाचं काम नाय, हे बाजारात भाजी आणायचं काम." मग ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, कॅरिअरच्या दांड्यावर गुंडाळून तो जाड केला, आणि बॅग वरून दोन ठिकाणी अशी आवळली की हलवून हलेना. पैसे विचारले तर चहाचे द्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीचं आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, साधारण ४० किलोमीटरमधे एवढं चढायचं. दर चार-पाच किलोमीटरला थांबून हात लावून बघत होतो, पट्टी जागची हलली नाही. फक्त एक झालं, दोन सेकंदात बॅग काढता येते ही जी मोठी सोय म्हणून विकतात ती संपली. वाडा कुंभरोशीला प्रतापगडचा फाटा आला तेव्हा बॅगा सुटेनात, म्हणून बाकीचे तिघं गडावर आणि मी खाली टपरीवर तीन सॅका आणि स्वतःच्या सायकलीची राखण करत. मावशींनी दोन चहा पाजले आणि तिसऱ्याला पैसे घेतले नाहीत.

पसरणीच्या उतारावर वेग ४० च्या पुढे गेला की हँडल थरथरतं, म्हणून बॅग भरलेली असताना ३०-३५ च्या आत ठेवा. हायवेच्या धुळीने चेन (बॅगेची, सायकलची नव्हे) अडकायला लागली होती, वाईत मेणबत्ती घासली, पुढे मांढरदेव चढून घरी येईपर्यंत मऊ चालली.

पाऊस मिळाला नाही म्हणून घरी पाइपने दहा मिनिटं पाणी मारलं. रेनकव्हरच्या आत कपडे कोरडे, पण कॅरिअरकडची बाजू कव्हर झाकत नाही आणि चाकाचं पाणी तिथेच उडतं, तिथल्या शिवणीतून ओल आली. पावसाळ्यात जाणार असाल तर आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, किंवा तोंड गुंडाळून बंद करायची वॉटरप्रूफ बॅगच घ्या, महाग पडते.

कापड मात्र दणकट आहे, माकडाने नेलेला कप्पा सोडला तर कुठे उसवलं नाही, तळ घासून पांढरा झाला पण फाटला नाही. कस्टमर केअरला हुकाचा फोटो पाठवला, उत्तर आलं की हुक सुटे मिळत नाहीत, नवीन जोडी १० टक्के सवलतीत देऊ. नको म्हटलं.

बॅगेला ५ पैकी साडेतीन, हुकाला एक, कॅरिअरला अडीच. सपाट रस्त्याला, ऑफिसला, भाजीला बिनधास्त घ्या. घाटात नेणार असाल तर हुकाला लॉक आहे का आणि कॅरिअरचा दांडा किती मिलीमीटरचा आहे हे दोन प्रश्न विकणाऱ्याला विचारा, उत्तर आलं नाही तर पुढचं दुकान. डॉक्टर आता हे ऐकून स्वतःसाठी बॅगा बघतोय, त्याने माझ्याकडे फक्त पोलादपूरच्या त्या पंक्चरवाल्या काकांचं लोकेशन मागितलंय.