स्ट्राँगचा काँकॉर्डन्स: ‘कुरकुर’ शोधताना आलेला अनुभव

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात हा जाडजूड ग्रंथ, म्हणजे बायबलातल्या शब्दांची सूची, मला साडेचारशे रुपयांना मिळाला. पुठ्ठा सुटलेला, पण आतली पानं शाबूत. दीड वर्ष वापरल्यावर लिहिते आहे, कारण आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायका विचारतात, ‘ताई, हिब्रू येत नसताना याचा काय उपयोग?’

उपयोग आहे, आणि पुष्कळ आहे. जेम्स स्ट्राँग या अमेरिकन प्राध्यापकांनी 1890 साली हा काढला. किंग जेम्स इंग्रजी बायबलातला शब्द कुठे कुठे आलाय, त्या सगळ्या ओळी एकाखाली एक. ओळीत तो शब्द पुरता छापत नाहीत, फक्त पहिलं अक्षर. ओळीच्या टोकाला आकडा: सरळ असला तर मूळ शब्द हिब्रू, तिरका असला तर ग्रीक. तो आकडा मागच्या कोशात काढायचा. हिब्रूचे आकडे 8674 पर्यंत जातात.

मराठी वाचकाची पहिली अडचण इथेच येते. आपल्या बायबलात रानातून जाताना इस्राएल लोक आपला पुढारी मोशे याच्याविरुद्ध ‘कुरकुर’ करतात. मी ‘ग्रंबल’ शोधत बसले आणि काही सापडेना. किंग जेम्समध्ये तिथे ‘मर्मर’ आहे. तेव्हा ते इंग्रजी बायबल शेजारी उघडं ठेवल्याशिवाय हा ग्रंथ चालत नाही.

‘मर्मर’खाली निर्गम 15:24 ची (निर्गम या पुस्तकाचा अध्याय 15, वचन 24) ओळ मिळाली, आकडा 3885. मागे पाहिलं तर लून किंवा लीन: थांबणे, रात्रीचा मुक्काम करणे, त्यावरून हट्टाला पेटणे, तक्रार करणे. मी हरखून गेले. महिला सभेत सांगितलं, ‘कुरकुर म्हणजे तक्रारीत मुक्काम ठोकणं.’ सगळ्यांना आवडलं. अशी मांडणी मी उपदेशांतही ऐकली होती.

सभा संपल्यावर एका मावशींनी मला बाजूला घेतलं. ‘अगं, रूथ आपल्या सासूला, नामीला म्हणते ना, तू जिथे राहशील तिथे मी राहीन, तिथला आकडा बघ.’ पाहिला. तोच, 3885. रूथच्या त्या बोलण्यात कुरकुरीचा लवलेश नाही. माझी मांडणी तिथल्या तिथे कोसळली.

मग ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा 1906 चा हिब्रू कोश पाहिला. त्यात हे दोन वेगळे धातू आहेत: एक रात्र काढण्याचा, दुसरा कुरकुरण्याचा. कानाला सारखे, अर्थाने निराळे. आपल्याकडे ‘कर’ म्हणजे हातही आणि सरकारला भरायचा पैसाही, म्हणून कोणी हातातून कराचा अर्थ काढत नाही. गोंधळायला जागा आहे हे खरं. स्तोत्र 59 च्या शेवटाजवळ एका क्रियापदाला काही भाषांतरकार कुरकुर म्हणतात, काही रात्रभर थांबणं. पण स्ट्राँगने दोन्ही एकाच आकड्याखाली घातले आहेत, हे घेणाऱ्याला माहीत असायला हवं. या ग्रंथावर ओळी शोधाव्यात, अर्थ मात्र दुसरीकडे पडताळावा.

ओळी शोधण्यात त्याला तोड नाही. कनान देश बघायला गेलेले हेर परत आले त्या रात्रीचंच बघा. गणना 14:2 मध्ये लोक मोशे आणि अहरोन यांच्याविरुद्ध उघड बोलतात, आकडा 3885. तीच हकिकत अनुवाद 1:27 मध्ये मोशे पुन्हा सांगतो, ‘तुम्ही आपापल्या डेऱ्यांत कुरकुर केली’ असं म्हणतो. इंग्रजीत पुन्हा ‘मर्मर’च, आकडा मात्र 7279, रागन. नीतिसूत्रांत चहाडखोराला जो शब्द आहे तो याच्याच घरातला. मी 3885 ला कुरकुर म्हणते, 7279 ला धुसफूस. पहिलीत समोर कोणीतरी असतो. हिब्रूत त्या क्रियापदामागे बहुतेक वेळा ‘अल’ येतो, म्हणजे ‘विरुद्ध’. म्हणून निर्गम 16:8 मध्ये मोशे म्हणू शकतो, तुमची कुरकुर आमच्याविरुद्ध नाही, परमेश्वराविरुद्ध आहे.

आता मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ. कुरकुरीच्या अर्थाने 3885 जवळजवळ सगळा निर्गम आणि गणना या दोन पुस्तकांतच आहे. यहोशवात तो एकदाच येतो, 9:18. गिबोन गावच्या लोकांनी आपण दूरदेशचे असल्याचं सांगून फसवलं, इस्राएलच्या सरदारांनी परमेश्वराला न विचारता त्यांना जिवंत ठेवण्याची शपथ घेतली, आणि सगळी मंडळी सरदारांविरुद्ध कुरकुर करू लागली. तिथे लोकांना शिक्षा होत नाही. सरदारांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. निर्गम 15:24 ची कुरकुर मारा या ठिकाणची. तिथेही शिक्षा नाही: लोक तहानलेले होते, आणि देवाने पाणी गोड करून दिलं.

हे मी तळमळीने लिहिते आहे. मंडळीच्या पैशाचा हिशेब विचारला की ‘रानातल्यांसारखी कुरकुर करू नका’ असं ऐकून गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्यात मीही होते. त्या शब्दाच्या सगळ्या ओळी आमच्यापुढे कोणी ठेवल्या असत्या, तर आम्ही गप्प बसलो नसतो.

छपाई फार बारीक आहे, चाळिशी असेल तर भिंग लागेलच. नवीन घेऊ नका, जुनी प्रत बघा, मागचा हिब्रू कोश फाटलेला नाही एवढं तपासा. फोनवर हे आकडे फुकट मिळतात, पण तिथे मला एका वेळी सात-आठ ओळी दिसतात. इथे ‘मर्मर’ची सगळी यादी नजरेच्या एका टप्प्यात येते, आणि यहोशवाची ती ओळ मला तशीच सापडली.