घड्याळाचे दोन काटे आणि १० किलोमीटर: एका वेशभूषा-दौडीचे परीक्षण

शहरातील रस्त्यांवर वेशभूषा करून धावण्याची शर्यत बहुधा दोन कारणांनी फसते. काही आयोजक तिला मिरवणूक समजतात. मग अंतर नीट मोजलेले नसते, वेळेची नोंद विश्वासार्ह नसते आणि मनापासून सराव करून आलेल्या धावपटूची निराशा होते. काही आयोजकांच्या लेखी ती नेहमीचीच शर्यत असते. मग वेशभूषा जाहिरातीपुरती उरते आणि प्रत्यक्ष मार्गावर मोठा पोशाख घातलेल्या माणसाला पाणी घेण्यापुरतीही जागा मिळत नाही. मी आणि माझी मैत्रीण नुकतीच जी १० किलोमीटरची दौड धावलो, ती या दोन्ही चुकांपासून बऱ्याच अंशी दूर होती. जिथे ती चुकली, तिथे मात्र आम्हांला चांगलेच जाणवले.

असा मेळ घालणे अशक्य नाही, हे जुन्या शर्यतींवरून दिसते. १९०६ च्या भूकंपानंतर नव्याने उभ्या राहणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा उत्साह वाढावा म्हणून १ जानेवारी १९१२ रोजी जी दौड सुरू झाली, तीच आज ‘बे टू ब्रेकर्स’ या नावाने ओळखली जाते. सुमारे १२ किलोमीटरच्या त्या मार्गावर आघाडीचे धावपटू पूर्ण ताकदीने स्पर्धा करतात आणि त्यांच्यामागून हजारो लोक नाना वेशांत येतात. तिथे १३ धावपटूंनी एकमेकांना जोडून घेऊन गोमेसारखे धावण्याचा स्वतंत्र गटही आहे. शर्यत आणि उत्सव यांपैकी एकाची निवड करावीच लागते असे नाही. दोघांना पुरेल इतका विचार आधी करावा लागतो.

आमच्या वेशभूषेविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पुढच्या बहुतेक गोष्टी तिच्यावरच अवलंबून आहेत. मैत्रीण उंच असल्यामुळे ती मिनिटकाटा झाली आणि मी तासकाटा. दोघींच्या डोक्यावर फोम शीटचा निमुळता बाण होता आणि छातीवर अर्ध्या तबकडीचा पुठ्ठा होता, ज्याची कडा चंदेरी मेटॅलिक कागदाने मढवलेली होती. खांद्याला खांदा लावून धावलो, तरच तबकडी पूर्ण दिसे. एकीने जरी पाऊल वाढवले, तरी बघणाऱ्याला घड्याळाऐवजी दोन तुटके पुठ्ठे दिसत. ही कल्पना मैत्रिणीची होती आणि तिचे मोल मला सरावाच्या पहिल्याच दिवशी समजले. एरवी ती माझ्यापेक्षा दर किलोमीटरला जवळजवळ एक मिनिट वेगाने धावते. त्या दिवशी दुसऱ्याच वळणावर ती पुढे निघून गेली, मग थांबून मागे वळली आणि म्हणाली, “अगं, तुझ्याशिवाय मी नुसता अर्धा पुठ्ठा आहे. तूच लय धर, मी सांभाळून घेते.” त्यानंतर शेवटपर्यंत वेग मी ठरवला.

आयोजकांचे नियमपत्रक हा या दौडीचा सर्वांत चांगला भाग होता. पोशाखाची रुंदी किती असावी, हातात काठी किंवा टोकदार वस्तू का नको, चाके लावलेली वस्तू का चालणार नाही आणि मुखवटा असल्यास दोन्ही बाजूंचे दिसले पाहिजे, हे सर्व त्यात स्पष्ट मराठीत आणि कारणांसह दिले होते. पोशाख दुसऱ्या माणसाला काही क्षणांत उतरवता आला पाहिजे, ही अट मला विशेष महत्त्वाची वाटली. धावताना शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते. फोम, रेक्झिन किंवा जाड कृत्रिम फर अंगावर असेल, तर घाम येतो पण वाळत नाही, आणि हवा फारशी गरम नसतानाही शरीराचे तापमान चढू शकते. चक्कर आलेल्या माणसाच्या पाठीवरची गाठ सोडवण्यात वेळ जाणे धोक्याचे असते. वेशभूषेच्या तपासणीत स्वयंसेवकाने आमचे पट्टे स्वतः उघडून पाहिले आणि बिबच्या, म्हणजे धावपटूचा क्रमांक छापलेल्या कागदाच्या, मागे घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिला आहे की नाही, हेही विचारले. ही काळजी मनापासून घेतलेली होती.

सुरुवातीची व्यवस्था मात्र फसली. कागदावर तीन गट होते: आधी साध्या कपड्यांतील वेगवान धावपटू, मग हलक्या वेशभूषेचे आणि शेवटी आमच्यासारखे आकाराने मोठे पोशाख घातलेले. पहिला गट वेळेवर सुटला, पण दुसरा आणि तिसरा गट यांच्यामधला अडथळा एकदमच उघडण्यात आला. त्यामुळे सुरुवातीच्या अरुंद रस्त्यावर इतकी दाटी झाली की पहिला किलोमीटर आम्ही जवळजवळ चालतच काढला आणि माझ्या बाणाचे टोक तिथेच वाकले. डोक्यावर उंच पोशाख असला की मान वळवून मागचे पाहता येत नाही आणि पायाखालचा गतिरोधकही उशिरा दिसतो. अशा लोकांना गर्दीत सोडणे बरोबर नाही. दोन गटांमध्ये पाच मिनिटांचे अंतर राखले असते, तरी हा त्रास टळला असता.

त्यापुढचा मार्ग उत्तम होता. प्रत्येक किलोमीटरची पाटी जागच्या जागी होती आणि मैत्रिणीच्या मनगटावरच्या घड्याळातील अंतराशी ती जवळपास जुळत होती. वळणांवर उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनी हळू धावणाऱ्यांना डावीकडे राहण्याची सतत आठवण करून दिली. जोडीने धावणाऱ्यांनी हा नियम फार कसोशीने पाळायला हवा, कारण दोन जण शेजारी-शेजारी धावू लागले की मागच्याची वाट अडते. आम्ही अरुंद भागात तबकडी मोडून एकीमागे एक धावलो आणि रस्ता रुंद झाल्यावर पुन्हा जुळवून घेतली. फुटपाथवरच्या मुलांच्या हे लगेच लक्षात आले. आम्ही जवळ आलो की ती “किती वाजले?” असे ओरडत आणि आम्ही दोघी बाण तिरके करून वेळ दाखवत असू. सहाव्या किलोमीटरनंतर माझे पाय जड झाले होते, तेव्हा या प्रश्नाने मला जितके पुढे नेले, तितके कोणत्याही पेयाने नेले नसते.

पाण्याची टेबले दर अडीच किलोमीटरवर होती आणि तिथले पेले पूर्ण न भरता अर्धे भरलेले होते. ज्यांना पोशाखामुळे हात पूर्ण उचलता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट फार उपयोगी असते. एका टेबलावर तर स्वयंसेविकेने अस्वलाचे पंजे घातलेल्या गृहस्थांना स्वतःच्या हाताने पाणी पाजले.

वेळमर्यादा १०५ मिनिटांची होती आणि वेशभूषेसाठी ती पुरेशी आहे. साध्या कपड्यांत मला या अंतराला सुमारे ७५ मिनिटे लागतात; या वेळी ८८ लागली. त्यातली काही मिनिटे गर्दीत गेली आणि उरलेली वाऱ्याने घेतली, कारण सपाट पुठ्ठा समोरून येणारा वारा अडवून धरतो आणि हात मोकळे न हलल्याने पावलेही आखूड पडतात. अर्थात अवजड पोशाखाला कोणतीच मर्यादा पुरत नाही. २००२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये लॉइड स्कॉट यांनी पाणबुड्याचा जुन्या पद्धतीचा अवजड पोशाख घालून ४२.१९५ किलोमीटरचे अंतर पाच दिवसांहून अधिक काळ चालून पूर्ण केले होते. ते स्वतः रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेले होते आणि त्याच आजाराच्या रुग्णांसाठी निधी गोळा करत होते. अशी जिद्द बाळगणाऱ्याने आयोजकांशी आधीच बोलून घ्यावे. इतरांनी मर्यादेकडे पाहून पोशाख निवडावा आणि तो घालून निदान निम्मे अंतर तरी सरावात धावून पाहावे. आम्ही सहा किलोमीटर धावून पाहिले, म्हणूनच पट्टा काखेत कुठे घासतो हे कळले आणि तिथे आतून सुती कापड शिवून वर व्हॅसलीन लावता आले.

माझी दुसरी तक्रार वेळेच्या नोंदीविषयी आहे. बिबमागे चिकटवलेली वेळ नोंदवणारी चिप रेडिओलहरींवर चालते आणि धातूचा पातळ थरही त्या लहरी अडवू शकतो. मी बिब टी-शर्टवर लावले होते आणि त्यावर चंदेरी कडेची तबकडी आली होती. मैत्रिणीने ते कमरेच्या पट्ट्यावर लावले होते. हातात हात घालून आम्ही अंतिम रेषा ओलांडली, पण निकालात तिचीच वेळ आली आणि माझ्या नावापुढे रकाना रिकामा राहिला. इतक्या बारकाईने लिहिलेल्या नियमपत्रकात बिब पोशाखाच्या बाहेर आणि समोर असावे, ही एक ओळ नव्हती. मी ईमेल पाठवल्यावर आयोजकांनी अंतिम रेषेवरचे चित्रीकरण तपासले आणि आठवड्याभरात माझी नोंद दुरुस्त केली. नव्या पत्रकात ती ओळ घालू, असेही त्यांनी कळवले आहे. सुरुवातीच्या गटांविषयी लिहिलेल्या मुद्द्याचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

जोडीने धावण्यासाठी मी ही दौड आनंदाने सुचवीन, फक्त नोंदणी करताना दोघांपैकी हळू धावणाऱ्याचा वेग दोघांच्याही अर्जात लिहावा, म्हणजे गट एकच मिळतो. निकालपत्रकात आता आमची दोघींची नावे एकाखाली एक आहेत आणि दोन्ही नावांपुढे एकच वेळ आहे, अगदी सेकंदापर्यंत. मैत्रिणीने तो कागद छापून तबकडीच्या मागच्या बाजूला चिकटवला आहे.