एमजीबी रोडस्टर : इंजिन मागाहून, आधी सिल बघा

घरच्या गॅरेजात उघड्या टपाची जुनी गाडी उभी करायची तर ब्रिटनमध्ये पहिलं नाव एमजीबीचं निघतं. सुट्या भागांपुरतं ते रास्तच आहे. १९६२ ते १९८० ही गाडी ॲबिंग्डनला बनत होती आणि आजही तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८ पासून मूळ साच्यांवर अख्खी बॉडीच काढायला घेतली. पण गंजलेली गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून उचलणार असाल, तर पत्र्याचा हिशोब आधी करा.

हिला वेगळी चॅसी नाही. वर छतही नाही, त्यामुळे गाडीचा ताण मुख्यतः दाराखालच्या सिलवर येतो. हा एकच पत्रा नाही. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालून कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी, असा तो बंद पोकळ खोका आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विंगच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) आत मागच्या बाजूला साठतो, तिथलं रबर सुकलं की ओल सिलच्या तोंडाशी मुरते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर बुडबुडा दिसेपर्यंत पडद्याची चाळण झालेली असते. सडक्या सिलवर नवा पत्रा नुसता वरून डकवून रंग मारलेल्या गाड्या भरपूर आहेत. दार लावून त्याच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का बघा. मग सिलच्या मध्याजवळ जॅक लावून उचला. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं, तर तो खोका गेलाय.

दुरुस्तीत सगळ्यात महागात पडते ती घाई. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेका झाळून घ्या, एका वेळी एकच बाजू उघडा आणि गाडीला सस्पेन्शनखाली समपातळीत आधार द्या. सिलची दोन्ही टोकं पुढच्या आणि मागच्या विंगच्या आड जातात. म्हणून पुढची विंग काढावी लागते (तिचे काही बोल्ट डॅशबोर्डमागून हाती लागतात, संयम ठेवा) आणि मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो. विंग न काढता केलेली सिल ही अर्धीच सिल. ०.६ मिमी तारेचा मिग वेल्डर (तार आपोआप पुढे सरकवणारा) पुरतो. जोडाच्या कडेला ५-६ मिमी भोकं पाडून ती वेल्डने भरायची, दोन पत्र्यांमध्ये वेल्डिंगचा झिंक प्रायमर लावायचा. आधी नुसते टाके, मग दार टांगून फट तपासायची, मगच पक्कं झाळायचं. शेवटी पोकळीत मेण फवारायचं. हे राहिलं की सगळी मेहनत पुन्हा गंजाच्या तोंडी.

सीटमागचे बॅटरीचे खोके आणि फ्लोअरही हटकून जातात. १९७४ पर्यंत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेव्हा नवं काही जोडताना तारा उलट लावू नका.

यांत्रिक बाजू सरळ आहे. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. जुन्या मिस्त्रीला त्यात नवल वाटणार नाही. ऑइल २०डब्ल्यू-५० आणि पाने इंचांतले. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) वेळच्या वेळी ग्रीस नसेल तर स्टिअरिंग जड होतं. तारेच्या चाकांची गाडी असेल तर पुढे-मागे घेताना 'टक्' आवाज येतोय का ऐका. येत असेल तर हबचे दाते झिजलेत, आणि नुसती चाकं बदलून भागत नाही.

जुने पेट्रोलचे रबरी पाइप मात्र चांगले दिसले तरी बदला, इथेनॉल त्यांना खातं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालंय, या गाडीत महागडं ई५च (५ टक्क्यांपर्यंतचं) भरा.