नोकरी धरली तर भत्ता जातो का? अमेरिकेतल्या ‘विपा’ समुपदेशन सेवेबद्दल

अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्याने नोकरी धरली की भत्ता बंद आणि पाठोपाठ आरोग्यविमाही गेला, ही भीती अमेरिकेतल्या मराठी घरांतही पक्की बसलेली आहे. त्यापायी काम जमणारी आणि करायची इच्छा असलेली मुलं घरी बसून राहतात, याचं फार वाईट वाटतं. कारण नियम खरं तर इतके निष्ठुर नाहीत. ते किचकट आहेत, आणि ते उलगडून सांगणारी सेवा फुकट मिळते.

तिचं नाव वर्क इन्सेंटिव्ह्ज प्लॅनिंग अँड असिस्टन्स, म्हणजेच ‘विपा’. १९९९ च्या ‘तिकीट टू वर्क’ कायद्यातून ती आली आणि तिचा खर्च सोशल सिक्युरिटी, म्हणजे भत्ते देणारं अमेरिकेचं सरकारी खातं, उचलते. एसएसडीआय (कामाच्या नोंदीवर मिळणारा अपंगत्वाचा भत्ता) किंवा एसएसआय (उत्पन्न आणि बचत कमी असलेल्यांचा भत्ता) आधीपासून मिळत असलेल्यांसाठीच ती आहे. इथे नोकरी शोधून देत नाहीत आणि भत्त्याचा नवा अर्जही भरून देत नाहीत. पगार सुरू झाल्यावर भत्त्याचं आणि विम्याचं काय होईल, एवढाच हिशेब मांडतात. तो मात्र नीट मांडतात.

सुरुवात हेल्पलाइनवर होते: १-८६६-९६८-७८४२, सोमवार ते शुक्रवार, ईस्टर्न वेळेने सकाळी ८ ते रात्री ८. काम करणाऱ्यांना आणि नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना प्राधान्य असतं. मुलाखत ठरली असेल किंवा ऑफर हातात असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. ‘विचार चालू आहे’ म्हटलंत तर बहुधा सर्वसाधारण माहितीवर बोळवण होईल. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

पुढे भागातला समुपदेशक संमतीचे फॉर्म पाठवतो. ते सही करून लगेच परत करा, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. त्या संमतीवर तो सोशल सिक्युरिटीकडून ‘बीपीक्यूवाय’ हा उतारा मागवतो. भत्ता कोणता, काम करून पाहण्याच्या ‘चाचणी’चे किती महिने वापरले, विमा कोणता, हे सगळं त्यात असतं. त्याच्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे. ‘डिसॅबिलिटी मिळते’ एवढंच बऱ्याच घरांना ठाऊक असतं. पण एसएसडीआय आणि एसएसआय यांचे नियम अगदी वेगळे आहेत आणि काहींना दोन्ही मिळतात. उताऱ्यातली कमाईची नोंद जुनी असू शकते, म्हणून पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

२०२५ च्या आकड्यांत हिशेब असा होता. एसएसडीआयवर असताना महिन्याला १,१६० डॉलरपेक्षा जास्त कमाई झाली की तो महिना चाचणीचा धरतात. ६० महिन्यांच्या काळात असे ९ महिने मिळतात, आणि त्यांत पगार कितीही असला तरी भत्ता पूर्ण येतो. त्यानंतरच्या ३६ महिन्यांत महिन्याच्या कमाईची रेषा १,६२० डॉलर, अंधांसाठी २,७००. रेषा पहिल्यांदा ओलांडली तो महिना आणि पुढचे दोन महिने भत्ता येतोच. मग थांबतो, आणि या मुदतीत कमाई खाली आली की नव्या अर्जाशिवाय पुन्हा सुरू होतो. एसएसडीआयबरोबरचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा चाचणीच्या महिन्यांनंतर किमान ९३ महिने टिकतो.

कापाकापीच्या आधीचा पगार मोजतात. समजा तो १,७५० आहे. पण अपंगत्वाच्या औषधांना खिशातून ९० आणि कामावर जाण्याच्या पॅराट्रान्झिटला (अपंगांसाठीच्या वाहनसेवेला) ६० डॉलर जातात. हा खर्च मान्य झाला की हिशेबात १,६०० उरतात, म्हणजे १,६२० च्या रेषेखाली, आणि भत्ता वाचतो. चांगल्या समुपदेशकाची किंमत इथे कळते, कारण पावत्यांबद्दल तो स्वतःहून विचारतो.

एसएसआयचं गणित निराळं. पगार १,०८५ असेल तर आधी ८५ वजा, उरलेल्या १,००० चे निम्मे ५०० हिशेबात. २०२५ मधल्या ९६७ च्या भत्त्यातून ते गेले की ४६७ राहतात, म्हणजे पगार धरून हातात १,५५२. काम करून तोटा होत नाही. त्या वर्षीच्या आकड्यांत पगार २,०१९ च्या आसपास गेला की रोख भत्ता शून्यावर येतो, तरी १६१९-बी कलमाखाली राज्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, चालू राहू शकतं.

मराठी कुटुंबांनी तीन गोष्टी मुद्दाम काढायच्या, कारण समोरचा स्वतःहून विचारेलच असं नाही. पुण्यातल्या बँकेत आजोबांनी नातवाच्या नावावर ठेवलेली एफडीसुद्धा एसएसआयच्या २,००० डॉलरच्या बचतीच्या मर्यादेत मोजली जाते. हे पैसे एबल खात्यात, म्हणजे अपंगांसाठीच्या खास बचत खात्यात, कसे वळवायचे ते विचारा. दुसरं, भारतात सलग ३० दिवस राहिलं की एसएसआय थांबतं, आणि परतल्यावर सलग ३० दिवस अमेरिकेत काढल्याशिवाय सुरू होत नाही. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: वडिलांनी सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन घेतलं की २२ व्या वर्षाआधीपासून अपंग असलेल्या मुलाला त्यांच्या खात्यावरून भत्ता मिळू शकतो. त्याला एसएसडीआयचे नियम लागतात, म्हणजे काल सुरक्षित असलेला पगार उद्या रेषेपलीकडचा ठरू शकतो. वडील निवृत्त होण्याआधीच हा प्रश्न टाका.

सेवेची खरी करामत म्हणजे शेवटी मिळणारा लेखी अहवाल. नुसत्या फोनवर समाधान मानू नका. आपले आकडे घातलेला अहवाल मागा आणि पगार वाढला तर काय, तास कमी झाले तर काय, हेही त्यात लिहून घ्या.

उणिवा आहेत. काही भागांत समुपदेशक कमी आणि रांग लांब, म्हणून पहिल्या पगाराच्या बरंच आधी फोन करायला हवा. शिवाय समुपदेशकाचा शब्द सोशल सिक्युरिटीवर बंधनकारक नाही. पगार कळवण्याचं कामही आपलंच: एसएसआयसाठी पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. ते राहिलं की जादा गेलेला भत्ता परत मागणारं पत्र येतं, कधी कधी बऱ्याच काळाने आणि मोठ्या रकमेचं. कामाची माहिती दिल्यावर पावती देणं सोशल सिक्युरिटीला कायद्याने भाग आहे. ती मागून घ्या आणि स्लिपांबरोबर लावून ठेवा.