जुन्या पिकअपमध्ये ५.३ चं इंजेक्शन इंजिन, आठ महिन्यांनंतर : तक्रार सगळी टाकीची

इंजिनाबद्दल तक्रार शून्य. आठ महिन्यांत गाडी तीनदा रस्त्यात बंद पडली आणि तिन्ही वेळा टाकीत पाव टाकी पेट्रोल होतं. त्यामुळे हा अनुभव म्हणायला इंजिन बदलण्याचा असला तरी निम्म्याहून जास्त मजकूर टाकीवर जाणार आहे. आवाज कसा भारी येतो, पिकअप कसा मिळतो, हे ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी एकच वाक्य : थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होतं, चोक ओढत बसावं लागत नाही, आणि एव्हरेज जुन्या कार्ब्युरेटरपेक्षा नक्कीच बरं आहे.

जोडी नेहमीचीच. १९७३ ते ८७ मधली चौकोनी शेव्हरले, आणि तिच्यात २००२ च्या ट्रकातलं ५.३ लिटरचं व्होर्टेक, म्हणजे एलएम७, २८५ हॉर्सपॉवरवालं. ४एल६०ई गिअरबॉक्स, हार्नेस (वायरिंगचा जुडगा), पीसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), एअर-फ्लो सेन्सर, सगळं एकाच भंगार गाडीतून काढलेलं. हे ‘एकाच गाडीतून’ महत्त्वाचं आहे. इंजिन इथून आणि हार्नेस तिथून घेतला की स्वस्त पडल्यासारखं वाटतं. मग थ्रॉटल केबलचा निघतो आणि पीसीएम इलेक्ट्रॉनिक पेडलचा. २००३ पासून बहुतेक ट्रकांना इलेक्ट्रॉनिक पेडल आलं, त्याला पेडल आणि त्याचं वेगळं मॉड्यूल दोन्ही लागतात. पीसीएममधलं चोरीविरोधी लॉक बंद करून घ्यायला विसरलात तर इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं, आणि माणूस दिवसभर पेट्रोलच्या लाइनी तपासत बसतो.

आता टाकी. जुन्या गाडीतला यांत्रिक पंप पाच-सात पीएसआय दाब देतो, या इंजिनाला ५८ लागतो. मूळ टाकीला आत आडव्या पट्ट्या नाहीत की पंपाभोवती वाटी नाही. कार्ब्युरेटरच्या काळात ते चालून जायचं, कारण फ्लोटच्या भांड्यात थोडं पेट्रोल साठलेलं असायचं. वळणावर पंपाने क्षणभर हवा ओढली तरी तेवढ्या साठ्यावर वळण पार पडायचं. इंजेक्शनला असा साठा नाही. पंपाच्या तोंडात हवा गेली की रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतला, दाब तिथल्या तिथे कोसळतो आणि इंजिन खोकतं. त्यात ही टाकी चॅसीच्या बाहेर, लांबट आणि अरुंद. उतारावर ब्रेक दाबला की पेट्रोल पुढच्या भिंतीवर, चढावर मागच्या, आणि पेट्रोल ओढणारी मधली जाळी उघडी.

पहिले चार महिने माझं मत वेगळं होतं, तेही नोंदवून ठेवतो : टाकी उतरवायची काही गरज नाही, चॅसीला बाहेरून तासाला २५५ लिटरचा पंप लावा, रिटर्न लाइन टाकीत सोडा, काम झालं. टाकी अर्धी किंवा जास्त भरलेली असेल तर हे खरंही आहे. उन्हाळा आला आणि मत बदललं.

कारण साधं आहे. आयडलिंगला या इंजिनाला तासाला दोन-तीन लिटर पुरतात. पंप मात्र ५८ पीएसआयवर दोनशेच्या आसपास ढकलत असतो. उरलेलं सगळं परत टाकीत. दाब बांधून ठेवणारा रेग्युलेटर इंजिनाच्या रेलवर असेल (२००२ च्या रेलवर असतोच), तर हे पेट्रोल गरम इंजिनावरून फिरून येतं. २० गॅलनच्या टाकीत पाव म्हणजे जेमतेम १९ लिटर. पाच-सहा मिनिटांत सगळी टाकी एकदा इंजिनाची वारी करून येते. अर्ध्या तासात टाकीला हात लावला तर कोमट नाही, चांगली गरम लागते. बाहेरचा पंप ढकलायला उत्तम, ओढायला कच्चा. गरम पेट्रोल ओढायला लागलं की ओढणाऱ्या बाजूलाच वाफ धरते, पंप किंचाळतो, गाडी मरते. दहा मिनिटं थांबा, परत चालते. ही खूण लक्षात ठेवा, वायरिंगचा दोष असा वागत नाही.

ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी रेलच्या तपासणी व्हॉल्व्हला लांब नळीचं प्रेशर गेज लावावं, नळी बोनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढावी आणि गेज वायपरखाली दाबून समोरच्या काचेवर ठेवावं. बोनेट बंद करताना नळी चिमटत नाही ना हे दोनदा पाहा. पाव टाकीवर एक लांब वळण घ्या. काटा ५८ वरून आधी थरथरतो, मग ३० च्या खाली उतरतो, आणि इंजिन त्याच्या मागून खोकतं. आधी काटा, मग खोकला. क्रम उलटा दिसला तर दोष दुसरीकडे आहे, क्रँक सेन्सर किंवा अर्थिंगकडे वळा.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती पंप घेऊनच. विक्रेत्याने वॉरंटी नाकारली. पंप समोर उघडून दाखवला : आतून कोरडा घासलेला. पंपाला थंडावा आणि वंगण पेट्रोलचंच असतं, हवा ओढत चालला की तो स्वतःलाच खातो. राग आला, पण माणूस बरोबर होता.

इलाज नवा नाही. १९८७ च्या पिकअपला कारखान्यातूनच थ्रॉटल-बॉडी इंजेक्शन आलं, त्यामुळे त्या वर्षीच्या टाकीत पंप आत आणि त्याभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी असते. टाकी त्याच कंसांत बसते, पेट्रोलच्या गेजला पातळी कळवणारा टाकीतला सेंडरही तोच ० ते ९० ओहमचा. एक चूक मात्र हमखास होते : सेंडरवरचा मूळ पंप तसाच ठेवणं. तो ९ ते १३ पीएसआयचा आहे, ५८ त्याच्या बापाला जमणार नाही. जास्त दाबाचा पंप बसवा, आणि पंप ते पाइप हा टाकीतला छोटा नळीचा तुकडा ‘३० आर १०’ छापाचाच घ्या. बाहेर वापरतात ती ‘३० आर ९’ नळी कायम पेट्रोलात बुडून राहायला बनवलेली नाही. फुगते, मऊ पडते, चिरते. गळती टाकीतच होते, त्यामुळे खाली एक थेंब दिसत नाही आणि दाब मात्र भरत नाही. दोन बोटांएवढा तुकडा, त्यात काटकसर करू नये, हे काटकसर करून शिकलेल्याचं मत समजा.

रेग्युलेटर इंजिनावरून हलवून टाकीजवळ आणा. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर घेतला की रेग्युलेटर त्यातच येतो, आणि तो ५८ वरच बांधलेला असतो. टाकीच्या बाजूला दोन तोटे, ३/८ इंची येण्याचा आणि ५/१६ इंची परतीचा, इंजिनाकडे एकच ३/८. मग पुढे एकच लाइन जाते आणि जास्तीचं पेट्रोल गरम व्हायच्या आधीच टाकीत परततं. हे केल्यावर रेलवरचा जुना रेग्युलेटर काढून ते तोंड बंद करायचं असतं. दोन्ही ठेवले तर दोघांत भांडण लागतं.

वायर : पंपाला बॅटरीवरून रिलेतर्फे जाड वायर, दहा गेजची, फ्यूजसकट. पंप चालू असताना त्याच्या टोकांवर मीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर वायर किंवा अर्थ कमी पडतोय. पंपाचा अर्थ बॉडीला नको, चॅसीला द्या, आणि चॅसी ते इंजिन वेगळी पट्टी टाका. चावी फिरवल्यावर पंप दोन सेकंद गुरगुरून थांबला पाहिजे. टाकी उतरवताना ती रिकामी असावी, बॅटरी सुटी असावी, आणि काम उघड्यावर करावं.

बाकीचं भराभर. ट्रकाचा ऑइल पॅन पुढच्या क्रॉसमेंबरला (चॅसीच्या आडव्या तुळईला) अडू शकतो, अडला तर पॅन बदलावा लागतो, आणि त्यासोबत ऑइल ओढणारी नळीही. तिच्या तोंडाची रबरी ओ-रिंग हे या इंजिनाचं जुनं दुखणं आहे. नळी एकाच बोल्टवर बसते, तो आवळताना नळी तिरकी होते आणि रिंग चिमटते. थंड असताना दाब ठीक, गरम झाल्यावर आयडलिंगला काटा खाली, हे दिसलं की बेअरिंगला शिव्या द्यायच्या आधी ती रिंग बघा. हेडवरून येणारी वाफेची बारीक नळी कुणी बंद करतात, करू नका. ती रेडिएटरच्या वरच्या भागात जोडा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकते. इनटेक मॅनिफोल्ड निघालंच आहे तर त्याखालचे दोन नॉक सेन्सर बदलून टाका, मागच्या खड्ड्यात पाणी साचून गंजतात. मॅनिफोल्डचे बोल्ट १० न्यूटन-मीटर, दोन फेऱ्यांत. हे मनगटाच्या अंदाजाने आवळणाऱ्यांनी प्लास्टिकचं मॅनिफोल्ड आहे एवढं लक्षात ठेवावं.

जुना टीएच३५० गिअरबॉक्सच ठेवणाऱ्यांसाठी : या इंजिनाचा क्रँक मागे ०.४ इंच, म्हणजे दहा मिलिमीटर आखूड आहे. मध्ये स्पेसर हवा, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टरला मधला आधार मिळत नाही आणि गिअरबॉक्सचा पुढचा पंप जातो.

टाकी बदलून दोन महिने झाले. गेज अजून काचेवरच ठेवलंय. पाव टाकीच्या खाली, उतारावर कडक ब्रेक, काटा ५८ वरून एखाद-दोन पीएसआय हलतो आणि जागेवर येतो. पंपाचा आवाज केबिनमध्ये येत नाही, बाहेरचा होता तेव्हा रेडिओ वाढवावा लागायचा. जुनी टाकी, बाहेरचा पंप आणि दोनदा टाकलेल्या लाइनी यांचा खर्च जोडला तर ८७ ची टाकी पहिल्याच दिवशी स्वस्त पडली असती.

स्पीडोमीटरचा काटा मात्र अजून शून्यावर आहे. ४एल६०ई ला केबलची सोय नाही, सेन्सरच्या सिग्नलवर केबल फिरवणारी वेगळी पेटी लागते, आणि ती घ्यायचं अजून जिवावर येतंय.